वाण नाही पण गुण लागला: दुसऱ्याच्या सवयी, मतं, लकबी नकळत आपल्यात येतात कशा?

कोपरीकर (धागा)

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हण लहानपणापासून पाठ असते. गुण लागतो तेव्हा नेमकं काय घडतं, ते मात्र कोणी उलगडून सांगत नाही. 'संगत बघून धर' म्हणायचं आणि विषय मिटवायचा. इथे शिक्षक आहेत, समुपदेशक आहेत, कारखान्यात नि ऑफिसात नवी माणसं तयार करणारे आहेत, म्हणून धागा काढतोय. एक विनंती: 'आमच्या शेजारी एक होता' अशा आठवणी नकोत. काय घडतं, का घडतं, ओळखायचं कसं, करायचं काय आणि ते कुठे फसतं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. ठाणे-वाशी गाडीत पहिल्यांदा चढणाऱ्याच्या हातात कोणी नियमांचा कागद देत नाही. तिघांच्या बाकावर चौथ्याने 'जरा सरका' म्हणून टेकायचं, 'कुठे उतरणार?' विचारून उभ्याउभ्या जागा सांगून ठेवायची, घणसोलीला उतरायचं असेल तर रबाळे आलं की दाराकडे सरकायचं, बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची. पंधरा दिवसांत नवा माणूस हे सगळं करू लागतो. कोणी शिकवलं विचारा, सांगता येणार नाही. उलट चौथ्याला जागा न देणाऱ्याकडे तोही आता कपाळाला आठी घालून बघतो. आधी वागणं आलं आणि त्याच्या मागून 'असंच वागायला हवं' हे मूल्यही आलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१चा बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं होती. त्यातल्या काहींसमोर मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं. पुढे त्या मुलांनी तसंच बडवलं, शब्दसुद्धा तेच वापरले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९६५चा प्रयोग. त्यात काही मुलांनी मारणाऱ्याला शिक्षा होताना पाहिली. ती मुलं मोकळी सोडल्यावर कमी मारत होती. पण 'त्याने जे जे केलं ते करून दाखव, स्टिकर आणि सरबत देतो' म्हटल्यावर सगळ्या गटांतल्या मुलांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे गुण लागलेला होता, फक्त दिसत नव्हता. 'आमच्या मुलाने ऐकलं, पण तो तसा बोलत नाही' म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांनी हे नीट वाचावं.

बांडुरा चार टप्पे सांगतात: लक्ष जाणं, लक्षात राहणं, ते करण्याइतकी अंगात तयारी असणं आणि करण्याला काही कारण मिळणं. आपण उपदेश करतो तो शेवटच्या टप्प्यावर. तोवर पहिले तीन होऊन गेलेले असतात.

नौपाडा_बालवाडी

लहान मुलांपुरतं लिहिते.

माणसाचं मूल निरुपयोगी गोष्टसुद्धा उचलतं, आणि हे आपलं वैशिष्ट्य आहे. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी युगांडातल्या चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून खाऊ कसा काढायचा ते दाखवलं. दाखवताना मुद्दाम काही फुकटच्या क्रिया घातल्या, वरच्या भोकात काठी खुपसणं वगैरे. पेटी पारदर्शक केल्यावर ती काठी कशालाच लागत नाही हे स्पष्ट दिसत होतं. चिंपांझींनी फुकटच्या क्रिया सोडल्या आणि सरळ खाऊ काढला. मुलं मात्र काठी खुपसतच राहिली.

यात मुलांचा मूर्खपणा नाही. हात जोडणं, जेवणाआधी पाणी फिरवणं, उंबऱ्यावर न बसणं, यांचं कारण पेटीत बघून कळत नाही. मोठं माणूस करतंय म्हणजे करण्यासारखं असणार, असं धरून चालणारं पोर पटकन माणसांत येतं. पण त्याच दारातून आपल्या सगळ्या फुकटच्या क्रियाही आत जातात. बोलता बोलता फोन उलटा करून बघणं, दार आपटणं, भाजीवाल्याशी बोलताना आवाज चढणं आणि मॅनेजरशी बोलताना मऊ होणं. शेवटचं जरा मनावर घ्या. कोणाशी कसं बोलायचं याचा दर्जा मूल तिथेच ठरवतं, आणि नंतर 'सगळ्यांशी नम्र वाग' हे वाक्य पोपटासारखं म्हणूनही दाखवतं. वागणं बघून ते वागायला शिकतं आणि बोलणं ऐकून बोलायला.

दुसरा मुद्दा भीतीचा. १९८५चा एक प्रयोग आहे. एक वर्षाच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर रांगायला लावलं. मध्ये काचेखाली बेताचा खोलगट भाग दिसत होता आणि पलीकडे आई होती. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं ओलांडून आली. भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. एक शब्द नाही, फक्त चेहरा.

आता आपल्याकडची पाल घ्या. पाल दिसली की मूल आधी पालीकडे बघतं आणि लगेच तुमच्या चेहऱ्याकडे. तो अर्धा सेकंदच खरा धडा. भीती वाटणाऱ्याला तो चेहरा लपवता येत नाही, आणि ओढूनताणून हसू आणलं तर मूल आणखी गोंधळतं, कारण चेहरा हसतोय आणि हात घट्ट धरलाय. मग करायचं असं. घरात ज्याला पालीची भीती नाही त्याने आधी, मुद्दाम, दोन-तीनदा मुलाला पाल दाखवायची. लांबून, साध्या आवाजात: 'ही पाल. किडे खाते. ट्यूबलाइटपाशी का बसली असेल?' घाबरणाऱ्याची पाळी त्यानंतर. माकडांवरच्या प्रयोगांत सूझन मिनेका आणि मायकेल कुक यांना १९८६ साली हेच दिसलं: न घाबरणारं माकड आधी पाहिलेली बहुतेक माकडं नंतर घाबरलेल्या माकडाला बघूनही सापाला भ्यायली नाहीत. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी किंकाळी आणि मग समजावणी, तर काम कितीतरी पटीने अवघड होतं.

गणिताची भीतीही अशीच लागते. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास २०१०मध्ये आला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुलींवर वर्षअखेर परिणाम दिसला, मुलांवर नाही. आपल्यासारख्या वाटणाऱ्या माणसाकडून मूल जास्त उचलतं. तेव्हा गृहपाठ घेताना 'मलाही कधी जमलं नाही बाई' हे वाक्य टाळा. धीर द्यायला म्हणतो, पण मुलीच्या कानात 'आपल्यात गणित जमत नसतं' असं पडतं.

टीटीसी_सुरक्षा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत नव्या फिटर-हेल्परचं प्रशिक्षण हा माझा विषय. नौपाडाताई म्हणतात ते मोठ्यांनाही लागू आहे, फक्त इथे किंमत बोटांनी मोजावी लागते.

नेहमीचा प्रसंग घ्या. कन्व्हेयरच्या टोकाशी रोलर आणि पट्टा यांच्यात खोका अडकतो. नियम साधा आहे: मशीन बंद करा, मेन स्विच पाडा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, चिठ्ठी अडकवा, बटण दाबून मशीन खरंच मेलंय ना ते बघा, मगच हात घाला. भिंतीवर मराठी-हिंदीत पाटी असते. नव्याने लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेले असतात. पण पाळीवरचा जाणता माणूस चालत्या पट्ट्यावरच लाकडी काठीने खोका ढोसतो आणि चार सेकंदांत लाइन पुढे जाते. नवा माणूस हे आठवड्याला पाच-सहा वेळा बघतो. तिसऱ्या आठवड्यात काठी त्याच्या हातात असते, आणि काठी सापडली नाही त्या दिवशी हात.

नव्याला दम देऊन यातलं काही सुटत नाही, कारण जाणत्याला तसं वागायला लावणारी गोष्ट वेगळी आहे. कुलूप सुपरवायझरच्या कपाटात असतं, कपाट शेडच्या दुसऱ्या टोकाला. बंद केलेली लाइन पुन्हा सुरू करायला तीन जणांना विचारावं लागतं. थांबलेला वेळ फळ्यावर लाल खडूने लिहिला जातो आणि वाचलेल्या बोटांचा रकाना फळ्यावर नसतोच. जाणता माणूस त्या फळ्याकडून शिकला आणि नवा जाणत्याकडून.

दुरुस्तीचा क्रम आम्ही असा ठेवतो. प्रत्येकाचं नाव लिहिलेलं कुलूप मशीनपासून हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगायचं. ती काठी शेडमधून उचलून टाकायची. ती तिथे आहे तोवर ती एक पद्धत आहे. अडकलेला खोका काढण्यासाठी थांबवलेला वेळ फळ्यावर वेगळ्या रकान्यात, लाल रंगाशिवाय. आणि पहिले दहा कामाचे दिवस नवा माणूस कोणाशेजारी उभा करायचा, हे सर्वांत आधी ठरवायचं. इथेच बहुतेकांची चूक होते. सगळ्यात झटपट काम करणाऱ्याच्या हाताखाली देतात. तो झटपट का होतो ते कोणी बघत नाही. मध्यम वेगाचा, पण दर वेळी कुलूप लावणारा माणूस द्या. आणि तो कोणाच्या खिजगणतीत नसेल तरीही उपयोग नाही, कारण नवे लोक ज्याला मान आहे त्याच्याकडेच बघतात. आधी त्याला पाळीसमोर मान द्या, मग नवा माणूस.

शब्दमोजणी

भाषेबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं, कारण 'नकळत' याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळत नाही. मतं बदलली हे माणूस नाकारू शकतो, ध्वनिमुद्रण नाकारता येत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या मराठीत तीन खुणा ऐका. 'मला पुस्तक भेटलं'. माणूस भेटतो, पुस्तक मिळतं. पण हिंदीतल्या 'मिला'ने दोन्ही कामं एकाच शब्दावर टाकली आणि ते वळण इकडे आलं. दुसरी, 'माझी मदत कर'. मराठीत 'मला मदत कर'; 'माझी' हे 'मेरी मदद'मधून. तिसरी, 'तो मला बोलला की येतो'. इथे 'म्हणाला' हवं. ही वळणं कोणी ठरवून घेतलेली नाहीत. रिक्षा, कॅन्टीन, सोसायटीचं गेट इथे दिवसभर हिंदी बोलून घरी आलं की मराठीचे शब्द मराठीच राहतात, पण त्यांचा सांधा बदलतो. शब्द उसना घेतला की कळतं, सांधा उसना घेतला की कळत नाही.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे या गावठाणांत आगरी-कोळी घरातलं मूल शाळेत 'पाणी', 'शाळा' म्हणतं आणि गल्लीत शिरताच 'पानी', 'शाला'. फाटकापाशी जीभ बदलते, ठरवावं लागत नाही. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात यावर सिद्धान्त मांडला: ज्याच्या जवळ जायचंय त्याच्यासारखं बोलणं वळतं, ज्याच्यापासून वेगळं राहायचंय त्याच्यापासून दूर जातं. म्हणून गल्लीतली भाषा सोडून घरातही 'पाणी'च म्हणणाऱ्या मुलाने नुसता उच्चार बदललेला नसतो. आपलं कोण हे त्याने बदललेलं असतं. त्याला कोणी शाळेत हसलं होतं का, ते आधी बघा.

स्वतःवर तपासायचं तर कृती अशी:

फोनच्या रेकॉर्डरवर, समोरच्याला सांगून, साधं बोलणं १३ मिनिटं टेपा. पहिली तीन मिनिटं सोडून द्या, त्यात सगळेच जपून बोलतात. उरलेल्या दहा मिनिटांत फक्त पाच खुणा मोजा: दोन वाक्यवळणं, दोन भरतीचे शब्द ('म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'काय तर' जे असेल ते) आणि एक आवाजाची लकब, वाक्याच्या शेवटी सूर वर जाणं वगैरे. असं तीन ठिकाणी करा: घरात, कामावर, जुन्या मित्रांत. तीन रकाने शेजारी ठेवले की कोणती खूण कुठून आली ते बरंचसं उघडं पडतं.

फसतं कुठे? पाचाहून जास्त खुणा घेतल्या की मोजणी ढिली पडते. विषय वेगळा असला की शब्द बदलतात, म्हणून तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारचं बोलणं घ्या, उदाहरणार्थ 'काल काय काय झालं'. आणि मोजतोय हे माहीत असलेली खूण त्या दिवशी आपोआप कमी होते. त्यासाठी खुणा टेपल्यानंतर ठरवा, आधी नाही.

पुरावा_हवा

धागा चांगला चाललाय, पण सगळं संगतीच्या खात्यावर टाकू नका. तीन गोष्टींची भेसळ होते.

पहिली म्हणजे निवड. सारखी माणसं एकमेकांना शोधतात. तंबाखू खाणारे चौघे टपरीवर एकत्र दिसले म्हणून एकाने तिघांना लावली असं सिद्ध होत नाही. दुसरी, दोघांवर एकच पाऊस. एकाच ऑफिसातले सगळे चिडचिडे, कारण सगळ्यांच्या डोक्यावर एकच मुदत. तिसरी खरी लागण. पहिल्या दोन वजा केल्याशिवाय तिसरी मोजता येत नाही.

उदाहरण देतो. क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी २००७ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती घेऊन लिहिलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी तशाच पद्धतीने दाखवलं की मग मुरुम, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा मित्राकडून 'लागते'. उंची लागत नसते. पद्धत निवड आणि लागण वेगळी करू शकत नव्हती.

आरशातल्या पेशींचंही (मिरर न्यूरॉन: स्वतः करताना आणि दुसऱ्याला करताना बघूनही चेतणाऱ्या) तेच. इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत त्या सापडल्या हे खरं, पण त्यावरून 'म्हणून सहानुभूती', 'म्हणून संस्कार' अशा उड्या मारणारे व्हॉट्सॲप लेख सोडून द्या. म्हातारपणाचे शब्द वाचून माणसं हळू चालू लागतात हा १९९६चा प्रसिद्ध प्रयोगही २०१२मध्ये पुन्हा करताना टिकला नाही. आणि स्वभावाचा मूळ पोत, म्हणजे बुजरेपणा, चिंतेकडे कल, यात जुळ्यांच्या अभ्यासांनुसार साधारण ४० ते ५० टक्के फरक अनुवंशाकडे जातो. एका घरात वाढल्याचा वाटा त्यात आश्चर्य वाटावं इतका कमी निघतो. म्हणीतच आहे की, वाण नाही बदललं.

मग टिकतं काय? चिठ्ठ्या टाकून जोडलेल्यांचे अभ्यास, कारण तिथे निवड नसते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात खोलीसोबती असेच वाटले जात. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली दाखवलं की खोलीसोबत्याचा परिणाम पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि विद्यार्थ्यांच्या कोणत्या मंडळात (फ्रॅटर्निटीत) जायचं यावर होतो, पण मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर नाही. रोजच्या वागण्याला संगत लागते, मोठ्या निर्णयाला तेवढी नाही.

सॉलोमन ॲश यांचे रेषांचे प्रयोगही (कोणती रेष दिलेल्या रेषेएवढी ते गटात बसून सांगायचं) भक्कम आहेत. सगळे धडधडीत चुकीचं उत्तर देतात, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या मागे जातो. पण एक जण जरी खरं बोलला तरी हे प्रमाण आधीच्या साधारण पाव भागावर येतं. टीटीसीदादांच्या शेडमध्ये कुलूप लावणारा एकटा माणूस इतका मोलाचा का, ते यातून कळतं.

कोपरीकर

पुरावा_हवा, वजाबाकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक भर घालतो: शेरिफ यांचा १९३५चा प्रयोग. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका हलल्यासारखा भासतो, तो किती हलला ते सांगायचं. गटात बसवलं की सगळ्यांचे अंदाज एका आकड्याजवळ येतात. नंतर एकट्याला बसवलं तरी तो गटाचाच आकडा धरून राहतो. तिथे दाखवायला कोणी नसतं, म्हणजे ही खुशामत नव्हे. पुढे १९६१मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी मुद्दाम फुगवलेला आकडा गटात रुजवला आणि एकेक माणूस बदलत नेला. फुगवणारे सगळे निघून गेल्यावरही चार-पाच 'पिढ्या' तो आकडा उरला होता. 'आमच्या खात्यात असंच असतं' हे वाक्य ऐकलं की मला तो ठिपका आठवतो.

ऐरोली_आयटी

थोडक्यात. रात्री साडेदहाला टीमलीडची मेल येते. तो कोणाला उत्तर मागत नाही, 'सकाळी बघा' असंही लिहितो. तरी दोन महिन्यांत सगळी टीम रात्री मेल उघडू लागते. मजकुरात सुट्टी दिलीय, पण वेळेने शिकवलंय की इथे वर जाणारे लोक या वेळी जागे असतात. उपाय अगदी यांत्रिक आहे: मेल लिहा रात्री, पण पाठवण्याची वेळ सकाळी साडेनऊची लावा. आणि लीडने आठवड्यातून दोनदा साडेसहाला सगळ्यांसमोर, बॅग घेऊन, 'निघतो' म्हणून निघायचं. गुपचूप मागच्या लिफ्टने निघालात तर कोणी पाहिलंच नाही, मग शिकणार काय?

नेरूळ_समुपदेशन

मतं आणि मूल्यं या भागावर लिहिते, कारण लोक मदतीला येतात ते बहुतेक इथे अडकून. 'हे मला खरंच हवंय, की आजूबाजूच्यांना हवंय म्हणून मला हवंसं वाटतंय?'

जवळच्या माणसाचे गुण आपण जणू स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली विवाहितांना गुणांची नावं दाखवून 'हा गुण माझ्यात आहे की नाही' एवढंच पटकन सांगायला लावलं. जो गुण दोघांत सारखा त्यावर उत्तर लवकर आलं. एकात आहे नि दुसऱ्यात नाही, तिथे माणसं अडखळली. वही कोणाची हेच क्षणभर कळेना. जवळीक असली की हे होणार, त्यात आजार काही नाही.

टिकतं किती? १९३०च्या दशकात थिओडोर न्यूकम यांनी बेनिंग्टन या मुलींच्या कॉलेजात पाहिलं की सनातनी घरांतून आलेल्या मुली चार वर्षांत उदारमतवादी झाल्या. सुमारे पंचवीस वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा बहुतेकींची ती मतं टिकून होती, आणि ज्यांचे नवरे नि मैत्रिणी त्याच मतांच्या होत्या त्यांच्यात तर पक्की. म्हणजे लागलेलं मूल्य टिकायला पुढची संगतही लागते. ज्यांना एखादं मूल्य सोडायचं किंवा धरायचं आहे त्यांच्यासाठी याहून कामाची माहिती क्वचित असेल.

वही घालून तपासायची पद्धत देते. दोनशे पानी वही, चार रकाने. पहिल्यात तारीख आणि ठाम बोललेलं एक वाक्य किंवा घेतलेला एक छोटा निर्णय, जसाच्या तसा. 'भाड्याने राहणं म्हणजे पैसे पाण्यात' असं काही. दुसऱ्यात, गेल्या तीन महिन्यांत हेच वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलं. तिसऱ्यात, कोणी बघणार नसेल तर मी काय करेन. चौथ्यात, हे पाळायला काय सोडावं लागेल: रुपये, तास किंवा माणूस. रोज एकच नोंद, रात्री, पाच मिनिटांत. २१ दिवस करा.

(हा आकडा वही भरण्यापुरता आहे. २१ दिवसांत सवय बदलते असं पसरवतात ते खरं नाही. लंडनमधल्या २०१०च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला आणि माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक होता.)

वाचताना असं बघा. दुसरा रकाना भरलेला आहे म्हणून मूल्य खोटं ठरत नाही. सगळ्यांची सगळी मूल्यं कुठून तरी आलेलीच असतात. तिसरा आणि चौथा रकाना रिकामा राहिला तर मात्र थांबा. एकटं असताना मी ते करत नाही आणि त्यासाठी काही सोडायलाही तयार नाही, म्हणजे ते अजून पाहुणं आहे.

कुठे फसतं ते सांगते. लोक दुसऱ्या रकान्यात न आवडणाऱ्या माणसाचंच नाव लिहितात: सासू, बॉस. वाईट ते सगळं त्यांच्याकडून, चांगलं ते माझं स्वतःचं. म्हणून नियम करा, आठवड्यातून किमान दोन नोंदी आवडत्या माणसाच्या हव्यात. प्रत्यक्षात जास्त उचल तिथूनच असते.

आणखी एक, कॉलेजातल्या मुलींबाबत फार दिसतं. दोन जिवलग मैत्रिणी रोज तीच चिंता पुन्हा पुन्हा उगाळतात. अमांडा रोझ यांनी २००२पासून हे अभ्यासलंय. मुलींमध्ये यातून मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासी नि काळजी वाढते. म्हणून 'ती मैत्रीण सोड' हा सल्ला चालत नाही, मैत्री खरी असते. उगाळण्याला वेळ बांधून द्या: वीस मिनिटं चिंतेची, मग तलावपाळीला चक्कर, भेळ, दुसरा विषय. मैत्री राहते, लागण पातळ होते.

घोडबंदर_सोसायटी

प्रश्न: आमच्या इमारतीत जिन्याच्या वळणांवर लोक कचऱ्याच्या पिशव्या ठेवतात. समितीने फलक लावायचं ठरवलंय: 'बरेच रहिवासी जिन्यात कचरा टाकतात, ही लाजिरवाणी बाब आहे.' या धाग्याच्या हिशेबाने बरोबर आहे का?

पुरावा_हवा

लावू नका. फलकाचा अर्धा भाग 'बरेच जण टाकतात' हीच बातमी देतो. ॲरिझोनातल्या शिळावृक्षांच्या (दगड झालेल्या झाडांच्या) राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलंय. 'आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाची स्थिती बदलली' अशी पाटी लावली तिथे सुमारे ८ टक्के तुकडे उचलले गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढीच पाटी होती तिथे २ टक्क्यांहून कमी.

आणि पाटीआधी जिना. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे २००८चा प्रयोग: सायकलींच्या हँडलला जाहिरातीचा कागद अडकवला आणि बाजूला कचरापेटी ठेवली नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर रंगाची खरडाखरड होती तेव्हा ६९ टक्क्यांनी. तशीच माणसं, गल्ली तीच.

टीटीसी_सुरक्षा

त्यात माझी भर. पहिली पिशवी किती वाजता येते ते आठवडाभर वॉचमनला लिहायला सांगा. कचरा नेणारी बाई साडेसात-आठला येत असेल आणि पहिली गाडी पकडणारे सहाला निघत असतील, तर मधल्या दीड-दोन तासांत पिशवी कुठेतरी राहणारच. सहा ते आठ तळमजल्यावर ओल्या-सुक्याचे दोन झाकणाचे डबे ठेवा. जिन्यातली पहिली पिशवी दिसली की दहा मिनिटांच्या आत उचलायची, कोणाची आहे हे शोधत बसायचं नाही. ती दुसऱ्याला दिसता कामा नये. शोध घ्यायचाच तर नंतर, खाजगीत. फलक लावायचा असेल तर एवढाच: 'ओला-सुका कचरा तळमजल्यावरच्या डब्यात, सकाळी ६ ते ८.'

घोडबंदर_सोसायटी

पहिली पिशवी चौथ्या मजल्यावर पावणेसहाला येते, असं वॉचमन आत्ताच म्हणाला. आठवडाभर लिहायला सांगतो त्याला. डबे साडेपाचपासून ठेवायला लागतील असं दिसतंय.

टीटीसी_सुरक्षा

मग साडेपाचच करा, आणि फलकावर तीच वेळ लिहा. झाकण पायाने उघडणारं घ्या. बॅग आणि डबा हातात असलेला माणूस झाकण उचलायला वाकत नाही, पिशवी झाकणावर ठेवून जातो, आणि मग पुढचाही तसंच करतो.